कावळ्याला दिलेला शब्द आणि अण्णांची पाच पुस्तकं

सोनटक्का
नमस्कार मंडळी. इथे कित्येक वर्षं नुसतीच वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझे वडील, आमचे अण्णा, बुकबाइंडर होते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागे एका बोळात, जिन्याखाली त्यांची जागा होती. एक शिकंजा, एक कटिंगचं मशीन, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे आणि डालड्याच्या जुन्या डब्यात खळ. चाळीस वर्षं तिथे बसून त्यांनी पुस्तकं शिवली. शाळेच्या वह्या, वकिलांच्या फायली, पीएचडीचे प्रबंध, लोकांच्या आज्यांच्या वह्या, जे येईल ते.

साठीला आले आणि त्यांच्या हातातून सुई पडायला लागली. आधी वाटलं मान धरली असेल. मालिश झालं, पट्टा झाला, हाडांचे डॉक्टर झाले. आठ महिन्यांनी ईएमजी (नसा-स्नायूंची तपासणी) केल्यावर कळलं की मोटर न्यूरॉन डिसीज (एमएनडी) आहे. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला उंचवटा आत बसत गेला होता, तो आम्ही रोज बघत होतो, पण काय बघतोय ते कळत नव्हतं. ज्या माणसाचा जीव बोटांत, त्याची बोटंच आधी गेली. मग पाय, मग आवाज. निदानानंतर सव्वातीन वर्षं होते.

दहाव्याला ओंकारेश्वरला कावळा शिवेना. काकांनी सांगून पाहिलं, "वहिनींना सांभाळू, काळजी करू नकोस." धाकटीने सांगितलं, "मी शिक्षण पुरं करीन." पाऊण तास गेला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा मी पुढे झाले आणि माझ्या तोंडून निघालं, "अण्णा, राहिलेली पुस्तकं मी पुरी करीन." कठड्यावरून एक कावळा उतरला आणि सरळ पिंडावर आला.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. पाचही पुस्तकं माझ्या कपाटात अण्णांच्या धोतरात बांधून ठेवलीयेत. अर्धवट शिवलेली. मालक कोण ते माहीत नाही, कारण शेवटच्या काळात दुकान काकांनी घाईत रिकामं केलं. मी बँकेत नोकरी करते, आयुष्यात पुस्तक शिवलेलं नाही. लहानपणी सुट्टीत फर्मे, म्हणजे शिवायच्या पानांच्या जुड्या, घडी घालून द्यायचे, तेवढंच.

या पुस्तकांचं काय करू? तुमच्याकडे असं कुणाचं काही अर्धं राहिलंय का? तुम्ही पुरं केलंत की तसंच ठेवलंत?

लकडीपूल
ताई, वाचून डोळे भरले. सध्या एवढंच लिहितो.

खजिना विहीर
त्या बोळातले बाइंडर म्हणजे डाव्या हाताला, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेले? ते असतील तर माझा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यांनीच बांधला होता. सबमिशनच्या आदल्या रात्री साडेनऊला गेलो होतो. ओरडले, आणि बांधून दिला.

सोनटक्का
@खजिना विहीर, तेच. काडी दोऱ्याने बांधलेले तेच. ओरडले हे ऐकून किती बरं वाटलं तुम्हाला सांगता येत नाही. शेवटचं दीड वर्ष त्यांना ओरडता येत नव्हतं.

तिसरी घंटा
तुमच्या दुःखाचा पूर्ण आदर ठेवून लिहितो. घाटावरच्या कावळ्यांना दिवसभरात इतके भात मिळतात की त्यांना भूकच नसते. तो कावळा त्या मिनिटाला येणारच होता, तुम्ही काहीही म्हटलं असतं तरी. त्या शब्दाचं ओझं तीन वर्षं वाहू नका. माझे वडील २०२१ मध्ये गेले, आम्ही दहावं केलंच नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. महाराष्ट्रात त्यासाठी १९४९ चा शरीरशास्त्र अधिनियम आहे, व्यवस्थित प्रक्रिया आहे. पुस्तकं एखाद्या चांगल्या बाइंडरला द्या, पैसे द्या, विषय संपवा.

एकतारी
तिसरी घंटा, कावळ्याचं तुमचं म्हणणं मान्य. पण शब्द कावळ्याला कुठे दिलाय? पाऊण तास सगळं घर तिथे उभं राहून विचार करतं की या माणसाचा जीव कशात अडकला असेल. एरवी अंत्यविधीच्या धावपळीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. एकेक जण पुढे येऊन आपला अंदाज सांगतो. काकांना वाटलं बायकोत, धाकटीला वाटलं शिक्षणात. सोनटक्काला माहीत होतं पुस्तकांत. मला तर हा विधी याच कारणासाठी फार शहाणा वाटतो.

आणि देहदानाबद्दल तुमच्या वडिलांना माझा नमस्कार.

तिसरी घंटा
एकतारी, असा विचार मी केला नव्हता. पाऊण तास उभं राहण्याबद्दल जे लिहिलंत ते पटलं. कावळ्याबद्दलचं मत कायम.

मोरावळा
मोठा प्रतिसाद आहे, माफ करा.

माझे मिस्टर सहा वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यात तीन वेळा, दर वेळी चार तास. डाव्या हाताला फिस्टुला केलेला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या. त्यावर हात ठेवला की आतून मांजर घुरघुरल्यासारखं लागायचं. रात्री झोपेत मी तिथे हात ठेवून बघायचे, घुरघुर आहे ना. ती सवय इतकी हाडात गेली की अजूनही कधी मध्यरात्री माझा हात पलंगाच्या त्या बाजूला जातो.

पाण्याचं फार मोजून असायचं. चहा, आमटी, औषधाबरोबरचा घोट, सगळं धरून दिवसाचं एक लिटर. सकाळी मी एक बाटली भरून ठेवायचे आणि चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचे, म्हणजे हिशोब चुकायला नको. भाज्या चिरून पाण्यात ठेवायच्या, ते पाणी फेकायचं, मग शिजवायच्या. नारळपाणी बंद, केळं बंद. मे महिन्यात आमच्या गल्लीत शहाळेवाला यायचा तेव्हा ते खिडकीतून त्याच्याकडे बघत आणि मला म्हणत, "तू पी गं, मला बघायला आवडतं." मी कधी प्यायले नाही. आता वाटतं, प्यायला हवं होतं त्यांच्यासमोर.

त्या चार तासांत ते शब्दकोडी सोडवायचे. उजव्या हाताने, पेनने, खाडाखोड न करता. शेवटची वही माझ्याकडे आहे. शेवटचं कोडं अर्धं. आडवे शब्द बरेचसे झालेत, उभ्यांपैकी सात राहिलेत. त्यातला एक मला येतो. पाच अक्षरी आहे, फार सोपा आहे, त्यांनाही येत असणार, फक्त तिथवर पोचले नाहीत. मी भरला नाही. भरणारही नाही. त्या रिकाम्या चौकटी मला त्यांच्याच वाटतात.

तेव्हा माझं मत, सोनटक्का, तुमचं तुम्ही ठरवा, पण अर्धं ठेवण्यात काही चूक नाही.

जाता जाता एक कामाचं. ते गेले तेव्हा आम्ही नेत्रदान केलं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला फोन करायचा. ते घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांत होतं, चेहरा बिघडत नाही. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह असला तरी चालतं. घरात आधी बोलून ठेवा. त्या वेळी कुणाला सुचत नाही.

आडगुलं
मोरावळा, त्या पाच अक्षरी शब्दाने मला रडवलं.

पासहोल्डर
माझी आई २००९ मध्ये गेली, तोंडाचा कॅन्सर. तंबाखू खायची नाही, पण मिश्री लावायची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूचीच पूड. पहाटेच्या सिंहगड एक्स्प्रेसने आम्ही दादरला उतरायचो आणि परळला टाटामध्ये. रेडिएशनच्या वेळी सात आठवडे दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिलो. कुणाला तिथे राहायची वेळ येऊ नये, पण ज्यांच्यावर आली त्यांना विचारा त्या जागेचं काय मोल आहे. परभणीचे, बीडचे, पार बंगालचे लोक, सगळे एकाच पंगतीत.

आईचं तोंड उघडत नव्हतं, बोलणं तुटक झालं होतं. पण हातात क्रोशाची सुई कायम. शेजारच्या खोलीत एक बारा-तेरा वर्षांची मुलगी होती, वडिलांबरोबर आलेली. आईने तिला न बोलता क्रोशा शिकवला. नुसती खूण करून, टाका चुकला की बोटावर टिचकी. आम्ही निघालो तेव्हा आईचा एक टेबलक्लॉथ निम्मा झाला होता. तो तिने सुईसकट त्या मुलीला देऊन टाकला. मी गाडीत म्हटलं, "अगं, एवढी मेहनत केलीस, दिलास कशाला?" तर पाटीवर लिहिलं, "तिला अजून पाच आठवडे काढायचेत."

माझ्याकडे आईचं अर्धं काही नाही. ते दुसऱ्याच कुणीतरी पुरं केलं असेल. नसेलही. म्हणून मला वाटतं, पुरं करायला आपलेच हात हवेत असं नाही.

नदीकाठ
सगळ्यांचं वाचतेय आणि मला राग येतोय, तो लिहून टाकते. कुणाला लागलं तर माफ करा.

माझ्या आईच्या छातीत गाठ होती आणि तिने ती दीड वर्ष लपवली. का? तर माझं लग्न व्हायचं होतं. "आधी पोरीचं होऊ दे." लग्नात ती पाहुण्यांना जिलब्या वाढत होती आणि दंड सुजलेला दिसू नये म्हणून लांब बाह्यांचं ब्लाउज शिवून घेतलं होतं. मे महिन्यात. मी विचारलंसुद्धा, एवढं उकडतंय आणि लांब बाह्या कशाला? तर म्हणाली फॅशन आहे. लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं तेव्हा ते हाडांत गेलं होतं.

लोक म्हणतात केवढा त्याग. मला तो त्याग नको होता. मला आई हवी होती. माझ्या लग्नाचा अल्बम मी आजवर उघडलेला नाही, कारण प्रत्येक फोटोत त्या लांब बाह्या आहेत. तिचं अर्धं राहिलेलं मला काहीही पुरं करायचं नाही. तिचा माझ्यावर परिणाम काय म्हणाल तर मी ओळखीच्या प्रत्येक बाईच्या मागे लागते. दर महिन्याला स्वतः हाताने तपासा, काही वेगळं लागलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. ऑफिसात मला बघून बायका वाट बदलतात. बदलू देत. दोघी गेल्या तपासायला, एकीचं वेळेत सापडलं. ती आज माझ्या शेजारच्या टेबलावर बसून डबा खाते.

मोरावळा
नदीकाठ, इकडे ये गं. तुझा राग खरा आहे, तो गिळू नकोस.

एकतारी
नदीकाठ, ती शेजारच्या टेबलावर बसून डबा खाते हे वाक्य मी तीनदा वाचलं.

खजिना विहीर
वातावरण जड झालंय म्हणून आमच्या आजोबांची आठवण सांगतो. शनिवार पेठेत राहायचे, फुप्फुसाचा आजार, घरात ऑक्सिजन. भेटायला येणाऱ्यांची रीघ, आणि प्रत्येकाकडे एक औषध. कुणी गोमूत्र, कुणी कोरफड, कुणी अमुक गावचे वैद्य. तिसऱ्या दिवशी आजोबांनी माझ्याकडून पुठ्ठ्यावर पाटी लिहून घेतली आणि दाराला लावली:

"रुग्ण आजारी आहे, अडाणी नाही. औषधे सुचवू नयेत. १ ते ४ झोपतो. त्यानंतर आल्यास क्रिकेटवर बोलावे."

लोक खरंच येऊन क्रिकेटवर बोलायला लागले. शेवटचे दोन महिने त्या खोलीत इतकं हसणं चालायचं की खालचे भाडेकरू वर येऊन बसायचे. पाटी अजून आहे. गेल्या वर्षी मला डेंग्यू झाला तेव्हा बायकोने तीच काढून दाराला लावली.

लकडीपूल
खजिना विहीर, पाटी फ्रेम करून ठेवा. :)

सहावा मजला
मी फिजिओथेरपिस्ट आहे, एमएनडीचे रुग्ण पाहिलेत. धाग्यावर या आजाराचं नाव आलंय म्हणून थोडं लिहिते, एखाद्या घराला उपयोग होईल.

यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. स्पर्श कळतो, वास कळतो, ऐकू येतं, बहुतेकांची बुद्धी शाबूत असते. डोळ्यांची हालचाल साधारण शेवटपर्यंत टिकते. बरं करणारं औषध नाही. रिल्युझोल या औषधाने आजाराची वाटचाल थोडी मंदावते, काही महिने जास्त मिळतात. म्हणून काळजी हाच उपचार. गिळताना ठसका लागायला लागला की पातळ पदार्थ दाट करून द्या, पोटातून नळी घालायचा निर्णय लांबवू नका. पहाटे डोकं दुखतं, झोप लागत नाही असं रुग्ण सांगायला लागला तर श्वास कमी पडतोय का ते तपासून घ्या, बायपॅपने (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) फार आराम मिळतो. श्वासाची घालमेल होते तेव्हा मॉर्फिन अगदी कमी मात्रेत देतात. त्या नावाला लोक घाबरतात, घाबरू नका, पॅलिएटिव्ह केअरच्या (त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरांशी बोला. २०१४ मध्ये कायदा बदलल्यापासून ते मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय.

आणि व्हेंटिलेटर हवा की नको हे माणसाला बोलता येतंय तोवर त्यालाच विचारा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विल (शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेली इच्छा) मान्य केलं आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

सोनटक्का, अण्णा तुमच्याशी शेवटी कसे बोलायचे? विचारलं तर चालेल ना?

सोनटक्का
चालेल काय, कुणीतरी विचारावं असं वाटत होतं.

इंग्रजी अक्षरांचे तक्ते मिळाले होते पण अण्णांना त्यातून मराठी बोलायचं नव्हतं. मग धाकटीने बाराखडीचा तक्ता केला. आपली वर्णमाला काय देखणी मांडलीय ते तेव्हा कळलं. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं. मग य ते ज्ञ एक ओळ, स्वर एक ओळ. मी ओळीवर बोट ठेवायचे, बरोबर ओळ आली की अण्णा डोळे मिटायचे. मग ओळीतलं अक्षर, परत डोळे मिटायचे. काना-मात्रा त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोडून दिल्या. नुसती अक्षरं सांगायचे, जोडायचं आपण. "पण" म्हणजे पाणी की पण, ते त्यांच्या कपाळावरून ओळखायचं.

एकदा दुपारी त्यांनी तक्ता मागितला. म्हणजे भिंतीकडे बघत राहिले. मी बसले. क-वर्ग, दुसरं. ख. मग य ते ज्ञ ची ओळ. ळ. मला वाटलं खेळ म्हणतायत, टीव्ही लावू का विचारलं. डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवून माझ्याकडे रागाने बघितलं. परत बसले. त-वर्ग, पाचवं. न. स. ल. सहा-सात मिनिटं गेली असतील. ख ळ न स ल.

खळ नासली.

दुकानातून आणलेला डबा पलंगाखाली होता. आमच्या कुणाच्या नाकाला लागलं नव्हतं. उघडून बघितलं तर वर हिरवट बुरशी. मी डबा घासला, मैदा शिजवला, त्यांना वाटी दाखवली. त्यांनी वास घेतला आणि तक्त्याकडे बघितलं. म र च द. मोरचूद घातलं नव्हतं मी.

त्यानंतर अकरा दिवसांनी गेले. त्या खळीने काहीच चिकटवलं नाही.

आडगुलं
(काही लिहिता येत नाहीये.)

रविवार_पेठ
मी याच धंद्यातला. वडिलांपासूनचं काम, आता बरंचसं मशीनवर, पण हाताची शिलाई अजून करतो. तुमच्या अण्णांना ओळखत होतो, नाव घेत नाही. मोरचुदाचं ते सांगणारच. त्याशिवाय खळ लावली की दोन पावसाळ्यांत झुरळ आणि कसर कणा खातात. विषारी असतं, पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

ताई, एक विचारतो. पुस्तकांच्या शेवटच्या फर्म्याचं शेवटचं पान पाहिलं का? तळाला, आतल्या बाजूला, उलटं धरून? आमच्यात गिऱ्हाइकाची खूण तिथे पेन्सिलीने लिहायची पद्धत आहे. अस्तर चिकटलं की ती झाकली जाते, म्हणून कुणाला माहीत नसते. तुमची पुस्तकं अर्धी आहेत म्हणजे अस्तर लागलेलं नसणार. बघा.

अंजिरी
अवांतर: आमच्याकडे आजी पुस्तकांसाठी चिंचोक्यांची खळ करायची, मैद्याची नाही.

रविवार_पेठ
@अंजिरी, चिंचोक्यांची कापडाला चांगली. कागदाला मैदा. पण तुमच्या आजीबाईंशी मी वाद घालणार नाही.

पासहोल्डर
अजून एक अवांतर. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, आमच्या नारायण पेठेतल्या घरात पाणी शिरलं होतं. आजोबांची पुस्तकं चिखलात गेली. ती पान पान सुटी करून गच्चीवर वाळवली आणि एका बाइंडरने महिनाभर खपून परत शिवून दिली असं वडील सांगायचे. पानांवर पाण्याची रेघ आहे अजून, सगळ्या पुस्तकांवर एकाच उंचीची नाही. वरच्या फळीवरच्यांवर खाली, खालच्या फळीवरच्यांवर वर.

तिसरी घंटा
धागा भरकटला तरी चालेल, पण सोनटक्का, पेन्सिलीची खूण पाहिलीत का? मी दोन दिवस हेच बघायला येतोय.

सोनटक्का
काल रात्री धोतर सोडलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

रविवार_पेठ, तुमचे किती आभार मानू. पाचांपैकी चारांवर आहे. अण्णांचं अक्षर, बारीक, उलटं धरलं तरच वाचता येतं असं.

एक शब्दकोश आहे, कणा फाटलेला. त्यावर "गोखलेनगर, मास्तर, पेन्शन झाल्यावर." बारा वर्षांच्या पंचांगांचा गठ्ठा आहे, त्यावर "गुरुजी, तुळशीबाग, पैसे नको." एक वंशावळीची वही, त्यावर नुसतंच "दसऱ्याआधी." कुठल्या वर्षीचा दसरा ते देव जाणे. चौथा एक प्रबंध, त्यावर फोन नंबर, आठवा आकडा पुसलेला. आणि पाचवी, हाताने लिहिलेली पाककृतींची वही, हळदीचे डाग पडलेली. तिच्यावर काहीच नाही.

ती खूण नसलेली वही मी बराच वेळ चाळत होते. आणि मधेच मला माझ्या आजीचं अक्षर दिसलं. अण्णांच्या आईचं. सांदणं, आंबोळ्या, उपासाचं थालीपीठ. ती घरचीच आहे. ती कुणाला द्यायची नव्हतीच, म्हणून खूण नाही. अण्णा ती सावकाश, इतरांची कामं उरकून मग शिवत होते. आई म्हणाली, तिला माहीतच नव्हतं ती वही अजून आहे.

मोरावळा
अगं बाई.

सोनटक्का, मी वर लिहिलं होतं की अर्धं ठेवण्यात चूक नाही. माझ्या कोड्याबद्दल तेच म्हणेन. पण तुझी वही शिव. कोडं त्यांचं एकट्याचं होतं. वही तशी नाही, तिच्यातून कुणीतरी अजून स्वयंपाक करायचाय.

नदीकाठ
सोनटक्का, तुमच्या वहीचं वाचल्यावर काल मी अल्बम काढला. उघडला नाही. काढून टेबलावर ठेवलाय. एवढंच सांगायला आले.

एकतारी
नदीकाठ, तो टेबलावर आहे ना, राहू दे तिथेच.

खजिना विहीर
प्रबंधाच्या फोन नंबरचा एकच आकडा गेलाय ना? म्हणजे दहाच शक्यता. शनिवारी मी मोकळा आहे, दहाही नंबरांना फोन लावतो. गोखलेनगरच्या मास्तरांनाही शोधू, तिथे माझी मावशी राहते, तिला सगळं गोखलेनगर ठाऊक. अण्णांनी माझा रिपोर्ट रात्री साडेनऊला बांधला होता, एवढं मला करू द्या.

रविवार_पेठ
आणि शिलाई शिकायची असेल तर दुकानात या. रविवारी सकाळी. फी वगैरे काही नाही. बाकीची चार मी बांधून देतो म्हणालो तर तुम्ही ऐकणार नाही हे दिसतंय, म्हणून म्हणत नाही. वही मात्र पहिल्यांदा घेऊ नका. पहिल्यांदा पंचांगं घ्या. गुरुजींना चूक चालेल.

तिसरी घंटा
मी माझा सुरुवातीचा सल्ला मागे घेतो.

सोनटक्का
पाच रविवार झाले, म्हणून धागा वर काढतेय.

खजिना विहीर यांनी सातव्या फोनला प्रबंधवाल्या बाई शोधून काढल्या. त्या आता नाशिकला असतात. त्यांनी दुसरीकडून नवीन प्रती बांधून घेतल्या होत्या, पण म्हणाल्या ही पण हवीये, मी येईन न्यायला. मास्तर गेले, २०२० मध्ये. त्यांच्या सुनेने शब्दकोश घ्यायचं कबूल केलंय. त्यांचा नातू पाचवीत आहे. वंशावळीचा पत्ता अजून नाही.

पंचांगं शिवून झाली. वाकडी झालीत. रविवार_पेठ यांनी कणा हातात धरून बघितला आणि "हं" म्हणाले. अण्णापण असंच "हं" म्हणायचे, त्याचा अर्थ पुढचं घे.

काल वही घेतली. आठ फर्मे आहेत. अण्णांनी तीन शिवले होते, आजारपण सुरू झाल्यावरचे असणार, कारण पहिल्या फर्म्याचे टाके एका रेषेत आहेत आणि तिसऱ्याचे सरकत गेलेत. शेवटचा टाका तर भोकाच्या बाजूलाच कागद फाडून गेलाय. रविवार_पेठ म्हणाले उसवून पहिल्यापासून घेऊ, मजबूत होईल. मी नाही म्हटलं. तिथूनच चौथा जोडला. आई शेजारी बसून सांदणांचं पान वाचत होती.

एक अडचण आहे, त्यासाठीच लिहितेय. पाचव्या फर्म्यानंतर दोरा ढिला पडतोय. गाठ मारेपर्यंत ताण राहतो आणि मग सुटतो. काय चुकतंय?

रविवार_पेठ
मेण कमी पडतंय. दोरा मेणावरून दोनदा ओढा, आणि ओढताना अंगठ्याने दाबून धरा. सुई भोकातून बाहेर आली की वर ओढू नका, कण्याच्या दिशेने ओढा. वर ओढलं की कागद फाटतो.

सोनटक्का
कण्याच्या दिशेने. बरं. बसते आता.